फुंकर मारायची नाही

पहिल्या दिवशी साळवेसरांनी हात पुढे करायला लावले,
नखं पाहिली, मग म्हणाले,
फुंकर मारायची नाही.
कितीही वाटलं तरी नाही.
फुंकरीत थुंकी असते.

आणि मी तांबट आळीतली.
भात्याशिवाय आमच्याकडे सकाळ झाली नाही कधी.
आजोबा फुंकायचे, अण्णा फुंकायचे,
ठोक्यांचा आवाज दुपारचा थांबला
की शेजारी येऊन विचारायचे, कोण गेलं?
चिंच, राख, नारळाची शेंडी,
मनगट भरून येईपर्यंत घासायचं,
घंगाळात आपलं तोंड दिसलं की झालं.
स्वच्छ म्हणजे मला एवढंच माहीत होतं.

इथे घासलं की संपलं.
केसाएवढी काच,
तिच्या पोटात नऊ मायक्रॉनची वाट,
त्या वाटेनं अख्खं सातपूर बोलतं.
आधी पलीकडचा लेझर बंद आहे ना, विचारून घे.
दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं त्याचं,
डोळा जातो आणि दुखतही नाही.
मग स्कोप. मग कोरडी पट्टी,
एकच ओढ, एकाच दिशेनं,
पट्टीची तीच जागा दुसऱ्यांदा नाही.
नाहीच निघालं तर अल्कोहोलचा एक थेंब,
ओल्यावरून कोरड्यावर.
मग पुन्हा स्कोप.
टोपणावरही विश्वास टाकू नकोस, सर म्हणायचे,
टोपणात तुझ्या खिशातला चिवडा असतो.
शरणपूरला घरी ते चष्मासुद्धा
एकाच दिशेनं पुसतात म्हणे,
बाई हसून सांगत होत्या.

मार्चमधली रात्र.
त्र्यंबक रोडच्या दवाखान्याची लाइन कधी असायची, कधी नसायची.
फोटो अर्धा यायचा, हाड अर्धं राहायचं.
सगळ्यांचं एकच, जेसीबीनं केबल दुखावली असणार.
पपया नर्सरीपासून झाकणं उघडत आलो,
मयूरेश बॅटरी धरून, मी गुडघ्यांवर.
केबल ठणठणीत.

शेवटी रॅकमधला सातवा कनेक्टर काढला.
पडद्यावर राखाडी गोल,
आणि त्यावरून तेलाचे ठिपके,
एका वळणात ओळीनं बसलेले.
अंगठ्याच्या एकाच रेषेचा तुकडा.

नोंदवहीत मंगळवार. सही माझी.

मंगळवारी फोन कानाशी होता.
आई सांगत होती, रेशनच्या मशीननं
अण्णांचा अंगठा चौथ्यांदा नाकारला,
रेषाच राहिल्या नाहीत गं,
चाळीस वर्षं राख, चाळीस वर्षं चिंच,
मागे रांग ओरडत होती,
अण्णा सदऱ्याला अंगठा पुसत होते, पुन्हा लावत होते.
आणि मी हो हो म्हणत
एका हातानं टोपण काढलं.

म्हणजे त्यांचा उमटत नव्हता
तेव्हा माझा उमटला.

एक पट्टी. एक ओढ. स्कोप.
पलीकडून फोन आला, हाड पूर्ण दिसतंय.
मयूरेश म्हणाला, काय होतं हो?
धूळ, मी म्हणाले.
आणि गाडीत बसल्यावर वही परत मागून घेतली,
धूळ खोडलं.

रविवारी स्कोप घरी नेला.
अण्णांना वाटलं, मी काहीतरी मोठं दाखवणार.
हे एवढंसं? आणि भांडं कुठाय?
तरी पाहत राहिले बराच वेळ,
पडद्याजवळ, मग लांब धरून,
गिऱ्हाइकाचा तांब्या पारखायचे तसे.
मधला ठिपका काय?
तीच वाट, अण्णा.
तांब्याच्या तारा काढून हीच घातली ना सगळीकडे?
हो.
हं, म्हणाले.
मग कनेक्टर चिमटीत उचलला, उजेडाकडे धरला,
आणि सवयीनं ओठ पुढे आले.

मी मध्ये हात घातला.
तळहातावर त्यांची फुंकर,
कोमट, तंबाखूच्या वासाची,
थोडी ओली.